तुमचे अपघात इतरांनी टाळले आहेत

वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा: वय 42, घर पुण्यात सिंहगड रस्त्यावर, नोकरी हिंजवडीत. अठरा वर्षं कार चालवताहेत, एकही अपघात नाही. दारू पिऊन गाडीला हात लावत नाहीत, सिग्नल तोडत नाहीत, पट्टा न लावता निघत नाहीत. पण राँग साइडने येणारे, डावीकडून घुसणारे, मध्येच कट मारणारे दिसले की त्यांचं डोकं फिरतं. हॉर्न, डिपर, शिव्या, शेजारी गाडी लावून खुन्नस देणं हे रोजचंच. महिन्याभरापूर्वी बायपासवर एक मोटारसायकलवाला मुलगा डावीकडून आरशाला घासून पुढे गेला. यांनी पाठलाग करून त्याला गाठलं, पुढे काढलं आणि अद्दल घडावी म्हणून त्याच्यासमोर कचकन ब्रेक मारला. मुलगा घसरून पडला. गर्दी जमली, बाचाबाची झाली, हे निघून आले. गाडीत पत्नी आणि नऊ वर्षांची मुलगी होती. तेव्हापासून पत्नी त्यांच्या गाडीत बसत नाही आणि मुलीलाही बसू देत नाही. ते विचारतात: "नियम मोडणारे मोकाट आणि नियम पाळणारा मी गुन्हेगार? कोणीच काही बोललं नाही तर या लोकांना शिस्त लागणार कशी? बायको अति करते आहे असं तुम्हाला वाटत नाही का?"

नमस्कार,

तुमच्या पत्रात त्या मुलाच्या चुकांचं वर्णन पानभर आहे. तो कुठून घुसला, आरसा कसा दुमडला, त्याने वळूनसुद्धा कसं पाहिलं नाही. त्याचं पडणं मात्र एका ओळीत संपलं आहे: "लगेच उठला, म्हणजे फार लागलं नसावं." डॅशकॅमचं चित्रण पाठवायची तयारी तुम्ही दाखवली आहे, तीही त्याची चूक सिद्ध करण्यासाठी. तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते, पण आधी या एका ओळीबद्दल बोलायला हवं.

रस्त्यावर पडलेला माणूस लगेच उठून उभा राहतो, कारण तो घाबरलेला असतो आणि चारचौघांत लाजलेला असतो. मुका मार, मनगटातली बारीक चीर, डोक्याला बसलेला हिसका हे सगळं नंतर कळतं. मोटार वाहन कायद्याचं कलम 134 सांगतं की अपघातात कोणी जखमी झालं तर त्याला उपचार मिळवून देणं आणि जास्तीत जास्त 24 तासांत पोलिसांना कळवणं हे चालकाचं कर्तव्य आहे, मग चूक कोणाचीही असो. ते तुमच्याकडून झालेलं नाही. त्यामुळे पहिला सल्ला हा की एखाद्या वकिलाशी बोला, त्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात जाऊन घटना सांगा आणि ते चित्रण पुसू नका. हे अवघड आहे, मान्य आहे. पण तो मुलगा कसा आहे हे तुम्हाला माहीत नाही, आणि ते माहीत नसताना शिस्तीबद्दल बोलणं मला जमणार नाही.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. पत्नी अति करत नाही आहेत. त्यांनी जे पाहिलं त्यावरून काढता येईल असा सर्वांत साधा निष्कर्ष त्यांनी काढला आहे: या माणसाला राग आला की आपण दोघी गाडीत आहोत हे तो विसरतो.

"अठरा वर्षांत एकही अपघात नाही" हे वाक्य तुमच्या पत्रात तीन ठिकाणी आलं आहे. सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे, म्हणून ते तपासून पाहूया. तुम्ही कुणाच्या मागे गाडी चिकटवता तेव्हा तो घाबरून बाजूला होतो. तुम्ही कट मारता तेव्हा मागचा ब्रेक दाबतो. तुम्ही डिपर देत येता तेव्हा रस्ता ओलांडणारी बाई दोन पावलं मागे घेते. या प्रत्येक वेळी अपघात टळला तो समोरच्याने सावरून घेतलं म्हणून. तुमच्या नावावर जमा झालेल्या अपघातशून्य वर्षांत अशा अनोळखी माणसांच्या शहाणपणाचा फार मोठा वाटा आहे. बायपासवर त्या मुलाला सावरता आलं नाही, एवढाच काय तो फरक.

खरं तर मोजायचं असेल तर अपघात मोजून भागत नाही, कारण सुदैवाने एका माणसाच्या आयुष्यात ते फार होत नाहीत. थोडक्यात टळलेले प्रसंग मोजावे लागतात. अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्टेट विद्यापीठात जेरी डेफेनबाकर या मानसशास्त्रज्ञाने चालकांच्या रागाचा बरीच वर्षं अभ्यास केला. कुठल्या गोष्टीने किती राग येतो हे मोजणारी प्रश्नावली त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1994 मध्ये तयार केली. दुसऱ्याने केलेले हातवारे, नियम तोडणं, समोर रमतगमत चाललेली गाडी, उद्धटपणा, वाहतुकीतला अडथळा, इतकंच काय रस्त्यावर पोलीस दिसणं, असे त्यात गट आहेत. वाहन चालवण्याच्या आभासी यंत्रावर बसवलं तेव्हा रागीट चालकांकडून शांत चालकांच्या दुप्पट अपघात झाले. प्रत्यक्ष रस्त्यावर थोडक्यात बचावण्याचे प्रसंग आणि वेगाचे दंडही त्यांच्याच वाट्याला जास्त होते. मात्र गंभीर इजा झालेल्या अपघातांची संख्या दोन्ही गटांत सारखीच निघाली, बहुधा असे अपघात विरळ असतात म्हणून. म्हणजे तुमच्यासारखाच माणूस "मला कुठे काय झालंय?" असं अगदी प्रामाणिकपणे म्हणू शकतो.

दुसरा अभ्यास याहून बोलका आहे. व्हर्जिनिया टेकच्या संशोधकांनी साडेतीन हजारांहून जास्त चालकांच्या गाड्यांत कॅमेरे बसवून त्यांचं रोजचं वाहन चालवणं टिपलं आणि त्यात झालेले 905 अपघात तपासले. 2016 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. राग, दुःख, रडू किंवा तीव्र अस्वस्थता चेहऱ्यावर उघड दिसत असताना गाडी चालवली, तर शांत, सावध चालकाच्या तुलनेत अपघाताचा धोका जवळजवळ दहापट होता. हातात मोबाइल धरून चालवण्याचा धोका याच अभ्यासात साडेतीनपटीच्या आसपास होता. तुम्ही लिहिलंय की गाडीत फोनला हात न लावण्याचा तुमचा कडक नियम आहे. तो ठेवाच. पण त्याहून मोठा धोका तुम्ही रोज सोबत घेऊन निघता.

हे घडतं कसं? रागात नजर एका माणसावर खिळते. त्याची नंबरप्लेट, त्याचं डोकं, तो कुठे पळतोय एवढंच दिसतं. डावीकडून येणारी रिक्षा, पुढचा गतिरोधक, दुभाजकातून निघालेली शाळकरी मुलं नजरेच्या कडेला असतात आणि कडा तर आधीच पुसलेल्या असतात. ताशी 60 किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला साधारण 17 मीटर जाते. शेजारच्याला खुन्नस द्यायला तुम्ही दोन सेकंद मान वळवली की 33 मीटर रस्ता न बघता कापलेला असतो. पुढच्या गाडीपासून पाच मीटरवर चिकटून चालवत असाल तर तुमच्या हातात सेकंदाचा तिसरा हिस्सासुद्धा नसतो, आणि धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंतच एक-दीड सेकंद जातो. इथे कौशल्य कामाला येत नाही. अठरा वर्षांच्या अनुभवाने तो वेळ शून्यावर आणता येत नाही.

आपल्याकडच्या सरकारी आकडेवारीत हा राग सापडत नाही, कारण त्याला रकानाच नाही. 2022 मध्ये देशात 1,68,491 माणसं रस्त्यावर मेली, त्यातली 15,224 महाराष्ट्रात. कारणांच्या यादीत अतिवेग, राँग साइड, दारू, सिग्नल तोडणं, मोबाइल असे रकाने आहेत. दहापैकी सात मृत्यू अतिवेगाच्या नावावर आहेत. पण तो वेग कशासाठी होता, घाईसाठी, मजेसाठी की मागच्याला दाखवून देण्यासाठी, हे पंचनाम्यात येत नाही. आणि मेलेल्यांत सुमारे 44 टक्के दुचाकीवरचे होते. कारवाला रागावतो तेव्हा त्याच्याभोवती पत्रा, पट्टा आणि एअरबॅग असते. ज्याच्यावर तो रागावतो त्याच्याकडे बहुतेक वेळा फक्त हेल्मेट असतं, तेही असलं तर.

आता तुमच्या मनातला सर्वांत पक्का मुद्दा: कोणीतरी शिस्त लावायला हवी. तुम्हाला येणारा राग खोटा आहे असं मी म्हणणार नाही. राँग साइडने येणाऱ्याचा मलाही संताप येतो, भूमकर चौकात अडकलेल्या कुणालाही येईल. शहरं वाढली, रस्ते वाढले नाहीत, पोलीस कमी पडतात, याचा वैताग खराच आहे. पण शिक्षा द्यायला निघालेल्या माणसाने एवढं तरी बघावं की समोरच्याला ती कळली का. त्या मुलाला काय समजलं असेल? आरशाला घासल्याचं कदाचित त्याच्या लक्षातही आलं नसेल. त्याच्या दृष्टीने एक कार मागून भरधाव आली, पुढे गेली आणि विनाकारण त्याच्यासमोर थांबली. त्या दिवशी तो डावीकडून ओव्हरटेक करू नये हे शिकला नाही. कारवाले माजलेले असतात, हे शिकला. पुढच्या कारवाल्याशी तो कसा वागेल याचा विचार करा.

आणखी एक गोष्ट तुमच्याच पत्रातून. गेल्या वर्षी वडिलांना रुग्णालयात नेताना तुम्ही सर्व्हिस रोडवरून थोडं उलट्या दिशेने गेला होतात, "पण ती वेळच तशी होती." असेल, नक्कीच असेल. मग त्या मुलाची वेळ कशी होती, हे तुम्हाला ठाऊक आहे का? त्याच्या पाठीवर डिलिव्हरीची मोठी पिशवी होती असं तुम्हीच लिहिलंय. आपण चुकलो तर परिस्थितीमुळे आणि दुसरा चुकला तर त्याच्या स्वभावामुळे, हा हिशेब आपण सगळेच करतो. रस्त्यावर तो फार महागात पडतो, कारण काचेआडून समोरच्याचा चेहरा दिसत नाही, नाव माहीत नसतं, तो नुसता "पांढरी स्विफ्ट" किंवा "तो टू-व्हीलरवाला" होऊन जातो. हाच मुलगा तुमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये चुकून तुम्हाला धक्का देता, तर तुम्ही त्याला मजल्या-मजल्यावर गाठून पाडलं असतंत का?

नियम मोडणाऱ्याची तक्रार करायची असेल तर त्याला रस्ता आहे. डॅशकॅमच्या चित्रणासह वाहतूक पोलिसांकडे तक्रार करता येते. घरी पोचल्यावर करा. कारवाई होईलच याची खात्री मी देत नाही. पण पाठलागाने शिस्त लागते याची खात्री तर त्याहून कमी आहे.

कायदा तुमच्या कृतीकडे कसा पाहतो तेही माहीत असू द्या. धोकादायक वाहन चालवण्याबद्दल मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 खाली पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा एक ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं बेदरकार वाहन चालवण्याबद्दलचं कलम 281 वेगळं. समोरच्याचा जीव गेला आणि ब्रेक मुद्दाम मारला होता असं दिसलं, तर नुसत्या हलगर्जीपणाच्या कलम 106 वर प्रकरण थांबेल असं धरून चालू नका, सदोष मनुष्यवधाचं कलम 105 लागू शकतं. आणि असले प्रसंग माणसाचा पिच्छा किती काळ पुरवतात हे नवज्योतसिंग सिद्धूंच्या खटल्यात दिसलं. डिसेंबर 1988 मध्ये पतियाळात रस्त्यात उभ्या असलेल्या गाडीवरून वाद झाला, मारहाणीनंतर 65 वर्षांचे गृहस्थ मरण पावले. सर्वोच्च न्यायालयाने सिद्धूंना एक वर्षाची सक्तमजुरी सुनावली ती मे 2022 मध्ये, तेहतीस वर्षांनी. मधल्या काळात क्रिकेट, राजकारण, टीव्ही सगळं झालं होतं. आणि त्या दुसऱ्या घरातला माणूस तेहतीस वर्षं नव्हता.

"राग आत दाबला तर बीपी वाढेल, त्यापेक्षा शिवी देऊन मोकळं झालेलं बरं," असंही तुम्ही म्हटलंय. हा समज फार लोकांचा आहे. ब्रॅड बुशमन या संशोधकाने 2002 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, चिडवणाऱ्या माणसाची आठवण काढत पिशवीवर ठोसे मारणारेच सगळ्यांत जास्त रागावलेले निघाले. काहीच न करता बसून राहिलेले त्यांच्यापेक्षा शांत होते. हॉर्नवर दाबून धरलेला तळहात रागाला मोकळं करत नाही, खतपाणी घालतो.

मग करायचं काय? सुरुवात निघण्याच्या वेळेपासून करा. तुमचा प्रवास वीस किलोमीटरचा. सरासरी वेग ताशी 25 असेल तर 48 मिनिटं लागतात. जीव खाऊन चालवून तो 28 वर नेलात तर 43. एवढी मारामारी पाच मिनिटांसाठी होते आहे, आणि ती पाच मिनिटं घरून लवकर निघूनही मिळतात. कमी झोप, रिकामं पोट, निघताना घरात झालेला वाद, ऑफिसातून आलेला फोन यांतलं काही असेल त्या दिवशी राग आधीच गाडीत बसलेला असतो, रस्त्यावर त्याला फक्त गिऱ्हाईक मिळतं. अशा दिवशी बसने जा, सहकाऱ्याच्या गाडीतून जा. जमणार नसेल तर गाडी चालू करण्याआधी पाच मिनिटं नुसते बसा.

कोणी कट मारला की पहिल्या काही क्षणांत एकच काम करायचं: ॲक्सिलरेटरवरून पाय उचलायचा. त्याला शिकवायचं की सोडायचं हा निर्णय नंतरचा. पाय उचलला की अंतर वाढतं, अंतर वाढलं की तो डोळ्यांसमोरून जातो. मग श्वास सावकाश सोडा, आत घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावा. पकड सैल करा, जबडा सैल करा. कोणी मागे चिकटून डिपर देत असेल तर डावी लेन घ्या आणि त्याला जाऊ द्या. त्याच्याकडे बघू नका. आपण हरलो असं वाटेल, पहिले काही दिवस फार वाटेल. वाटू द्या.

हे ऐनवेळी सुचणार नाही, म्हणून घरी सराव करायचा. डेफेनबाकरच्या उपचारपद्धतीत हेच होतं: शांत बसून, डोळे मिटून, संताप आणणारा प्रसंग मुद्दाम डोळ्यांसमोर आणायचा, शरीर कुठे आवळतंय ते बघायचं आणि तिथे ते सैल करायचं. सोबत मनातली वाक्यं बदलायची. "याला सोडणार नाही" याच्या जागी "हा धोकादायक चालवतोय, मला याच्यापासून लांब जायचंय." याने रस्त्यावरचा राग खरोखर कमी झालेला दिसला आहे.

आणि तुमच्याकडे फार चांगलं साधन आहे, डॅशकॅम. आवाजासह गेल्या आठवड्याचं चित्रण एकट्याने बसून बघा. गाडी दुसऱ्या कुणाची आहे असं समजून बघा, आणि जिथे समोरच्याने तुमच्यासाठी ब्रेक मारला, बाजू दिली, पाऊल मागे घेतलं, तिथे कागदावर खूण करा.

तुमच्यासारख्या माणसाशेजारी बसणाऱ्यांनीही काही पाळायला हवं, म्हणून त्यांच्यासाठी लिहिते. गाडी चालू असताना "किती चिडता हो" म्हणू नका, त्याने पाय आणखी दाबला जातो. "मला भीती वाटते, पुढच्या पेट्रोल पंपावर थांबा," एवढंच म्हणा. वाद घरी, गाडी बंद असताना. "बघितलंस कसा घुसला" याला दुजोरा देऊ नका. आणि दुसराच कोणी तुमच्या मागे लागला असेल तर काचा वर, दारं बंद, खाली उतरायचं नाही, घराकडे वळायचं नाही. वर्दळीच्या जागी किंवा पोलीस ठाण्याकडे जायचं आणि 112 ला फोन करायचा.

मुलीबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलंय, की ती गाडीत असायची तेव्हा मागच्या सीटवरून "बाबा, हॉर्न मार ना त्याला" म्हणायची. तुम्हाला ते गमतीचं वाटलं. मला ते पत्रातलं सगळ्यांत काळजीचं वाक्य वाटलं. आणखी नऊ वर्षांनी तिला लायसन्स मिळेल. तिच्याशी बोला. त्या दादाला पाडलं ते चूक होतं, त्याने काहीही केलेलं असलं तरी, असं तुमच्या तोंडून तिला ऐकू द्या. आईची बाजू घेऊन नव्हे, स्वतःहून.

पत्नीला लगेच गाडीत बसायचा आग्रह करू नका. काही आठवडे तिघं मिळून रिक्षाने, बसने जा, किंवा स्टेअरिंग त्यांच्या हाती द्या आणि शेजारी गप्प बसा. त्यांना आश्वासन नको आहे, तुमचं बदललेलं चालवणं बघायचं आहे, आणि कधी बसायचं ते त्या ठरवतील.

आणि एक तपासून पाहा: हा राग रस्त्यापुरताच आहे का? घरात वस्तू आपटल्या जातात का, ऑफिसात लोक तुमच्याशी जपून बोलतात का, झोप लागते का? यातलं काही असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा, त्यात कमीपणा नाही. शासनाच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक आहे, त्यावर मराठीतही बोलता येतं. डॉक्टरांकडे जाल तेव्हा पत्नी तयार असतील तर त्यांना सोबत न्या आणि तुम्ही रागात कसे दिसता ते त्यांना सांगू द्या. मध्ये बोलू नका. ती माहिती डॉक्टरांना तुमच्याकडून मिळणार नाही.